डोरलं वीतभर बाजूला होतं : मेटल डिटेक्टरचा ग्राउंड बॅलन्स समजून घेताना

करवीर तालुक्यातला नदीकाठचा मळा. उसाच्या लागणीला दीड महिना झालेला. भांगलण करता करता मावशींच्या गळ्यातलं मणी-डोरलं तुटलं. काळे मणी सरीत विखुरलेले दिसले, ते त्यांनी पदरात वेचून घेतले. डोरलं मात्र मातीत गेलं. त्यांच्या मुलाचा फोन आला आणि मी मशीन घेऊन गेलो.

अर्ध्या तासात आवाज मिळाला. पिनपॉइंट केलं, म्हणजे वस्तूची नेमकी जागा धरली, खुरप्यानं उकरलं, काही नाही. आणखी खोल गेलो, तरी काही नाही. खड्डा वीतभर झाला आणि आवाज आता कधी खड्ड्याच्या कडेला, कधी वरंब्यावर. मावशी समोर उकिडव्या बसून माझ्या हातांकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “दादा, मशीन खरं बोलतंय न्हवं?”

मशीन खरंच बोलत होतं. चूक माझी होती. मातीचा आवाज वगळायला मशीन तिथल्या जमिनीशी जुळवून घेतात, त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. तो मी केला होता गाडी लावली त्या वाटेवर, मुरमावर. आणि शोधत होतो मळीच्या काळ्या मातीत. बॅलन्स तिथेच सरीत पुन्हा केला. वाटेवर आकडा ८६ आला होता, सरीत तो ७४ वर आला. मग कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, फिरवली, तर आवाज खड्ड्यापासून वीतभर बाजूला, सरीच्या तळात, एकाच जागी गप्प उभा राहिला. चार बोटं खाली डोरलं होतं.

त्या दिवसानंतर जो कोणी नवीन मशीन घेऊन विचारायला येतो, त्याला मी खोली, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणं) वगैरे बाजूला ठेवून आधी ही एक गोष्ट सांगतो. पिनपॉइंट चुकतं त्यातल्या बऱ्याच वेळा वस्तू हललेली नसते, मशीन खराब नसतं. मातीचा आवाज आपण नीट बाजूला काढलेला नसतो.

माती का बोलते?

एक प्रयोग करा. साधं लोहचुंबक कागदात गुंडाळा आणि पंचगंगेच्या काठच्या कोरड्या वाळूत फिरवा. कागदाला काळे, बारीक, चमकदार कण दाढीच्या खुंटांसारखे उभे चिकटतील. ते मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज. आपला सगळा मुलूख बेसॉल्टचा, काळ्या दगडाचा. त्या दगडात हे खनिज मुळातच असतं. दगड झिजतो, माती होते, आणि खनिज मातीत राहतं. म्हणजे कोल्हापूरच्या कुठल्याही शेतात तुम्ही डिटेक्टर धरलात, तर वस्तू असो वा नसो, कॉइलखाली लोखंडाचा अंश आहेच.

आता डिटेक्टर काय करतो ते बघू. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सेकंदाला साधारण पाच ते वीस हजार वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. खाली धातू असेल तर त्यात बारीक भोवरे घेणारा विद्युतप्रवाह सुरू होतो, आणि त्या प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र वर परत येतं. दुसरं वेटोळं ते ऐकतं. अडचण अशी की मातीतलं लोहखनिजही क्षेत्र परत पाठवतं. आणि माती भरपूर असते, कॉइलला अगदी लागून असते. डोरलं बिचारं एवढंसं, आणि तेही चार बोटं खाली. मातीचा आवाज वस्तूच्या आवाजापेक्षा कितीतरी पट मोठा असतो.

मग मशीन दोघांना वेगळं ओळखतं कसं? आवाज केवढा यावरून नाही, तर तो कधी येतो यावरून.

हलगीच्या ठोक्यावर लेझीम खेळणारी पोरं डोळ्यांसमोर आणा. हलगी म्हणजे कॉइलनं सोडलेलं क्षेत्र. मातीतलं लोहखनिज हे पहिल्या रांगेतल्या पोरासारखं: ठोका पडला की त्याच क्षणी त्याचं पाऊल पडतं. फार तर किंचित, कळेल न कळेल इतकं मागे. धातू मात्र उशिरा पाऊल टाकतो. पातळ पत्र्याचा दागिना पाव ठोका उशिरा. तांब्याची जाड कडी, भांड्याचा तुकडा, जुना ढबू पैसा असा चांगला वाहक असेल तर जवळजवळ अर्धा ठोका उशिरा. या उशिराला फेज म्हणतात. स्क्रीनवर वस्तूचा जो आकडा दिसतो तो या उशिरावरूनच काढलेला असतो.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे मशीनला एवढंच सांगणं: ‘या शेतातली माती या ठरावीक वेळी पाऊल टाकते, त्या पावलाकडे लक्ष देऊ नको.’ दूध संस्थेत रिकामी किटली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतात आणि मग दूध ओततात, तसं. फरक इतकाच की काट्यावर आपण वजन शून्य करतो, इथे वेळ. म्हणून बॅलन्स केल्यानं माती नाहीशी होत नाही. ती बोलतच असते, फक्त मशीन तिच्या वेळेला कान झाकून घेतं. कान चुकीच्या वेळी झाकले, तर माती ऐकू येते आणि वस्तूचा थोडा आवाज कापला जातो. दोन्हीकडून नुकसान.

हेही लक्षात ठेवा की सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक आवाज ऐकतं ते) आणि ग्राउंड बॅलन्स या वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन कटकट करायला लागलं की नवीन माणूस सेन्सिटिव्हिटी कमी करत जातो. मातीचा आवाज कमी होतो खरा, पण वस्तूचाही होतो.

एकाच जिल्ह्यात किती तऱ्हांची माती

बाहेरच्या व्हिडिओंत सांगतात की सकाळी एकदा बॅलन्स करा आणि दिवसभर फिरा. ते त्यांच्या माळरानात चालत असेल. आपल्याकडे पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडी, मसाई पठार इकडे जांभा आणि तांबडी माती. मध्ये नदीकाठची मळी आणि काळी रानं. पूर्वेला शिरोळकडे पाण्याच्या अतिवापरानं क्षारपड झालेल्या जमिनी. तासा-दीड तासाच्या गाडीच्या अंतरात मातीचा स्वभाव एका टोकाचा दुसऱ्या टोकाला जातो.

जांभ्याच्या मातीत लोहाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते ठोक्यावर पाऊल टाकतात पण जरा रेंगाळतात, आणि हे रेंगाळणं दहा पावलांवर बदलतं. अशा मातीत बॅलन्स वारंवार तपासावा लागतो. शिवाय जांभ्याचा एखादा सुटा खडा आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या वेळेला बोलतो आणि धातूसारखा टुणकन आवाज देतो. मशीनवाले अशा दगडाला ‘हॉट रॉक’ म्हणतात. ओळखायची युक्ती: कॉइल हळूहळू वर उचला. दगडाचा आवाज चार-पाच बोटांवर एकदम विझतो, धातूचा आवाज बारीक होत होत बराच वर येतो. तरी शंका राहिली, तर त्या दगडावरच बॅलन्स करून बघा. आवाज पार गेला तर बहुधा दगडच. मात्र गंजका खिळाही कधीकधी असाच चकवतो, म्हणून जिथे खरोखर काही हरवलं आहे तिथे शंका आली की उकरून बघा.

जळालेली जमीन हा आपल्या भागातला खास प्रकार. मातीतली साधी, चुंबकाला न ओढली जाणारी लोहसंयुगं पालापाचोळ्यासोबत तापली की त्यांचं चुंबकीय खनिजात रूपांतर होतं. गुऱ्हाळाचं चुलवाण जिथे वर्षानुवर्षं पेटलं, जिथे वीटभट्टी होती, जिथे पाचटाचे ढीग पेटवले, तिथली माती शेजारच्या मातीपेक्षा मोठ्यानं बोलते. मालकाला आधी विचारून घ्या: ‘इथं पूर्वी काय होतं?’ माझा निम्मा शोध या प्रश्नावर सोपा होतो.

आणि शिरोळकडची खारट, ओली जमीन. तिथली गोष्ट निराळी आहे आणि जरा कठीणही. ओलाव्यात विरघळलेला क्षार वीज वाहून नेतो. म्हणजे ती जमीन लोहखनिजासारखी ठोक्यावर नाचत नाही. ती पाव ठोका उशिरा पाऊल टाकते. आता आठवा, पाव ठोका उशिरा आणखी कोण होतं? पातळ सोनं. डोरलं, साजाचं एखादं पान, बुगडी. साजाचं पान तर आत लाख भरलेलं आणि वर सोन्याचा पातळ पत्रा. हातात घेतलं तर भरीव वाटतं, पण मशीनच्या दृष्टीनं तो फक्त एक पापुद्रा. त्यामुळे क्षारपड जमिनीत बॅलन्स पक्का बसवला, की नेमकं असलंच सोनं जमिनीबरोबर झाकलं जायची भीती असते. तिथे मी जमीन वाळेपर्यंत थांबायला सांगतो. लोकांना थांबणं जिवावर येतं, समजू शकतं. पण क्षार तोच असला तरी ओल गेली की त्याचा आवाज पडतो, आणि पापुद्रा पुन्हा ऐकू यायला लागतो.

शंभरपर्यंत मोजणाऱ्या पुष्कळ मशीनांवर लोहखनिजाची जमीन वरच्या टोकाकडे दिसते आणि खारट जमीन खालच्या टोकाकडे. काही कंपन्यांची मोजपट्टी उलटी असते, म्हणून मी दिलेले ८६ आणि ७४ हे आकडे तुमच्या मशीनवर लावू नका.

बॅलन्स हातानं कसा करायचा

आधी जागा शोधा. शोधायच्या वाफ्यातलीच, पण खाली धातू नसलेली वीतभर जागा. हे करायला मशीन ऑल मेटलवर ठेवा, म्हणजे ते काहीही गाळणार नाही. कॉइल आडवी फिरवा. कुठेच टोचणारा आवाज नाही अशी जागा मिळाली की थांबा. पायातले लोखंडी टाचेचे बूट, खिशातल्या किल्ल्या, मनगटातलं कडं आधीच बाजूला. खुरपं तुमच्या गुडघ्याशी पडलेलं असतं, तेही दूर ठेवा. हे मी स्वतः कितीदा विसरलोय.

आता कॉइल जमिनीला समांतर धरून गुडघ्याच्या जरा खालून जमिनीच्या दोन-तीन बोटं वरपर्यंत आणा, परत वर न्या. विहिरीवरचा हातपंप मारतो त्या लयीत, न टेकवता. कान त्या सततच्या बारीक गुणगुणण्यावर ठेवा; त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. कॉइल खाली जाताना आवाज वाढत असेल किंवा खाली जाताना दबून वर येताना वाढत असेल, तर बॅलन्स चुकलाय. बटण एका बाजूला थोडं फिरवा, पुन्हा पंप करा. फरक वाढला तर उलट दिशेला या. वर-खाली दोन्हीकडे गुणगुण सारखी राहिली की झालं. शेवटचा एक-दोन आकड्यांचा फरक लावताना घाई करू नका. मोठा फरक कोणालाही ऐकू येतो. डोरलं राहतं ते या बारीक फरकात.

खूप लहान वस्तू शोधताना मी बॅलन्स अगदी शून्यावर न ठेवता किंचित अशा बाजूला ठेवतो, की कॉइल खाली गेल्यावर गुणगुण नखभर वाढते. बारीक वस्तूचा आवाज त्यानं उठून दिसतो. उलट्या बाजूला मात्र कधीच ठेवत नाही, कारण तिथे माती वस्तूचा आवाज गिळते.

ऑटो बॅलन्स असेल तर बटण दाबून तोच पंप मारायचा, मशीन आकडा स्वतः बसवतं. सुरुवातीला तेच वापरा. पण ट्रॅकिंग नावाची सोय असेल तर सावध. ट्रॅकिंग म्हणजे तुम्ही चालता तसं मशीन आपणहून बॅलन्स बदलत राहतं. जांभ्याच्या रानात चालताना ती फार उपयोगी आहे. पण वस्तू सापडल्यावर तुम्ही तिच्यावरून पाच-दहा वेळा कॉइल फिरवता, आणि मशीनला वाटतं की हीच माती. ते वस्तूलाच शून्य करायला लागतं. आवाज दर फेरीला मंदावत जातो आणि तुम्ही म्हणता, भास झाला. म्हणून आवाज मिळाला की ट्रॅकिंग बंद, आकडा लॉक, मगच पिनपॉइंट.

एक गल्लत टाळा. कॉइल हातात स्थिर धरली आहे, तरी मशीन कुरकुरतंय? मग दोष मातीचा नाही. आसपास डीपी, मोटारीचा स्टार्टर किंवा वरून गेलेली लाइन असेल. त्याला ग्राउंड बॅलन्सनं काही होत नाही. मशीनची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवा, नाहीतर लाइट जायची वाट बघा. आमच्याकडे शेतीची लाइट कधी जाते हे सगळ्यांना पाठ असतं.

पिनपॉइंट करताना नेमकं काय घडतं

चालता चालता शोधताना मशीनला कॉइल हलती लागते. पिनपॉइंटचं बटण दाबलं की ते वेगळ्या रीतीनं ऐकायला लागतं: कॉइल थांबली तरी आवाज चालू, आणि वस्तू जितकी जवळ तितका आवाज मोठा. इथेच खरी मेख आहे. बटण दाबलं त्या क्षणी कॉइलखाली जे काही आहे, त्याला मशीन शून्य धरतं.

म्हणून कॉइल हवेत धरून बटण दाबलंत आणि मग खाली आणलीत, तर मशीननं शून्य धरलं हवेला. बॅलन्स चोख असेल तर निभावतं. तो जरा जरी चुकला असेल, तर मातीच आवाज करते, आणि माती जिथे कॉइलला जवळ तिथे जास्त. सरी-वरंब्याच्या शेतात जवळ काय असतं? वरंबा. माझा आवाज वरंब्याकडे का सरकत होता, ते आता कळलं असेल. खड्डा खणल्यावरही असंच होतं: एका जागची माती कमी झाली, म्हणजे मातीचा आवाज कमी झाला, आणि बॅलन्स उलट्या बाजूला चुकलेला असेल तर मशीन त्या रिकाम्या खड्ड्यालाच वस्तू समजतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगांवरही हेच फसवे आवाज मिळतात. माणूस खोल खोल खणत राहतो, आणि आवाज आणखी खोल जात राहतो.

बरोबर पद्धत अशी. आवाज मिळाला त्या जागेपासून हातभर बाजूला, तशाच उंचीच्या मातीवर कॉइल जमिनीलगत आणा. तिथे बटण दाबा. मग उंची अजिबात न बदलता वस्तूकडे सरका. आधी डावी-उजवी फेरी, आवाज सर्वांत मोठा तिथे मनात रेघ. मग नव्वद अंशात वळून पुढे-मागे, दुसरी रेघ. दोन रेघा जिथे कापतात तिथे वस्तू. आवाज पसरट वाटला तर वस्तूच्या जवळ, पण बरोबर वर नाही अशा ठिकाणी बटण सोडून पुन्हा दाबा. आता तेवढा आवाज शून्य धरला जातो आणि फक्त मधलं टोक उरतं.

उंचीबद्दल मी इतका हट्ट का धरतो? वस्तू कॉइलच्या आकारापेक्षा जास्त अंतरावर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा आवाज जवळजवळ चौसष्टावा भाग उरतो. क्षेत्र जाताना आठवा भाग होतं आणि येताना पुन्हा आठवा. मनगट बोटभर वर गेलं तरी कान फसतो.

कॉइलचा प्रकारही बघा. गोल, एकात एक वेटोळ्यांची कॉन्सेंट्रिक कॉइल असेल तर वस्तू बरोबर मध्याखाली. डबल डी असेल तर तिचा जोर मधल्या उभ्या पट्टीवर असतो, त्यामुळे डावं-उजवं पटकन कळतं, पुढचं-मागचं फसवतं. तिथे कॉइल बारीक डोलवत आपल्याकडे ओढा. आवाज तुटला त्या क्षणी वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाशी आहे.

उकरलेली माती एका बाजूला पोत्यावर टाका आणि ती वेगळी तपासा. पातळ दागिना अनेकदा खुरप्याबरोबर ढिगात येऊन पडतो आणि आपण खड्ड्यातच बघत बसतो.

कुठे शोधू नये, हेही सांगायलाच हवं. पन्हाळ्यासारख्या संरक्षित वास्तूंच्या जागी मशीन न्यायचंच नाही. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यानं त्या जागा जपलेल्या आहेत. कुणाच्या शेतात जुनं धन निघालं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मला यातला कायद्याचा धाक दुय्यम वाटतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी थर-थर मोजत उत्खनन केलं. त्याच टेकडीत मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठाचा रोमन जगाशी व्यापार होता हे समजतं. हे समजतं कारण त्या वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होत्या हे कोणीतरी लिहून ठेवलं. मशीन लावून रात्रीतून उपसलेल्या वस्तूला असा शेजार उरत नाही.

सराव घरच्या परड्यात करा. एक, दोन रुपयांची हल्लीची नाणी घेऊ नका. ती चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत आणि मशीनला लोखंडासारखी वाटतात. पाच रुपयांचं पिवळं नाणं एक पेर खोल, तसंच दुसरं चार बोटं खोल, आणि एका कोपऱ्यात चॉकलेटच्या चांदीचा नखाएवढा तुकडा पुरा. बाजूला चुलीतली राख मिसळलेल्या जळक्या मातीचं एक पाटीभर ओझं पसरा. चांगल्या मातीवर बॅलन्स करून जळक्या मातीवरून कॉइल फिरवा. मग जळक्या मातीवर बॅलन्स करून उलटं या, आणि दोन्ही वेळा त्या चांदीच्या तुकड्याचं काय होतं ते कान देऊन ऐका.